दादाचं उठतं-बसतं टेबल

दादाला कचेरीत कारकुनाची नोकरी लागली, त्या दिवशी वडिलांनी कामाला सुट्टी दिली. आम्ही सुतार. वडिलांच्या तळहाताला रंधा धरून धरून घट्टे पडले होते आणि माझ्याही पडायला लागले होते. दादा मात्र मॅट्रिक झाला होता. त्याचं अक्षर असं सुरेख, की गावातले मारवाडी दुकानदार लग्नपत्रिकांवर पत्ते घालायला त्यालाच बोलवायचे. वडील गल्लीत प्रत्येकाला थांबवून सांगत होते, "याना हातमा आते टाक ऱ्हाई, पटाशी नही. जलमभर सावलीमा बठीसन खाई."

ही पन्नास सालानंतरची, पहिल्या चार-पाच वर्षांतली गोष्ट. आमचा भाग तेव्हा पश्चिम खानदेशात मोडायचा. गाव तालुक्याचं, त्यामुळे कचेरीत दिवसभर माणसांची रीघ. तापीकाठचे गुजर शेतकरी, डोंगरातून दोन दिवस चालत आलेले भिल्ल, पावरा, सगळ्यांना कसली ना कसली नक्कल हवी असायची. जुनं दप्तर काढायचं आणि त्यातला उतारा कोऱ्या कागदावर जसाच्या तसा उतरवून द्यायचा, हे दादाचं काम. सकाळी साडेदहाला बसला की संध्याकाळी सहालाच उठायचा. मधे उठलेला कारकून अव्वल कारकुनाला खपत नसे. उठला म्हणजे काम नाही, असा त्यांचा सरळ हिशेब.

दादा लागला तेव्हा कचेरीत अजून खाली बसायची पद्धत होती. गादी आणि पुढ्यात उताराचं छोटं डेस्क. मग मुंबईकडून हुकूम आला म्हणे, आणि कचेरीत टेबलं-खुर्च्या आल्या. सगळे खूश झाले. मीही खूश झालो, कारण त्यातल्या सहा खुर्च्यांना वेत विणायचं काम मलाच मिळालं होतं. पुढे कित्येक वर्षांनी माझ्या ध्यानात आलं, की खाली बसत होता तेव्हा दादा मांडी बदलायचा, भिंतीला टेकायचा, एक पाय लांब करायचा, हात टेकून उठायचा. खुर्चीनं त्याचं ते सगळं बंद केलं. पाय खाली, पाठ पुढे, मान वाकलेली, असा तो साच्यात घातल्यासारखा बसू लागला.

पहिल्यांदा सांगितलं ते वहिनीनं. ती म्हणाली, सकाळी त्यांना अंथरुणातून उठता येत नाही, मी हाताला धरून उठवते. अंगणात दहा-वीस फेऱ्या मारल्या की ते बरे होतात, मग संध्याकाळी कचेरीतून येतात ते पुन्हा लाकूड होऊन. तेव्हा दादा पंचविशीतही नव्हता. मालिश झाली, शेक झाले, हाडं बसवणाऱ्या एका माणसानं पाठीवर गुडघा रोवून कडकड आवाज काढून दाखवला. आठ दिवस बरं वाटायचं आणि पुन्हा तेच. शेवटी मी त्याला गाडीनं सुरतेला घेऊन गेलो.

तिथल्या डॉक्टरनं त्याला वाकायला सांगितलं, वळायला सांगितलं, भिंतीला पाठ लावून उभं केलं. दादाचं डोकं भिंतीला टेकत नव्हतं. डॉक्टर गुजराती-हिंदी मिसळून बोलत होता. त्याच्या बोलण्याचा अर्थ असा, की पाठीचे मणके एकमेकांना चिकटत चालले आहेत. यावर औषध नाही. दुखणं कमी करायच्या गोळ्या देतो, पण खरा उपाय एकच, एका जागी राहू नका. अर्धा तास बसा, मग उभे राहा, चाला, पुन्हा बसा. बसायची नोकरी असेल तर सोडा.

परतीच्या गाडीत दादा नवापूरपर्यंत दाराशी उभाच होता. स्टेशनवर जंगलातून आलेल्या सागाच्या ओंडक्यांची थप्पी लागली होती. मी सवयीनं त्यांचा घेर डोळ्यानं मोजत होतो. दादा एकदम बोलला.

"नोकरी सोडीसन काय करू? तुन्हं काम मन्हाकडथीन व्हवाव नही."

खरंच होतं. ज्या पाठीला खुर्चीत बसवत नव्हतं, ती करवत ओढणार कशी? मी त्या थप्पीकडे बघत म्हणालो, "तू टेबलपाशीन उठू नको, दादा. टेबलच तुन्हासंगे उठी."

दादा हसला. मला वाटतं मी ते धीर देण्यासाठीच म्हटलं होतं. पण गाडी सुटली आणि घरी पोचेपर्यंत माझ्या डोक्यात दुसरं काही आलं नाही.

पहिलं टेबल मी तीन आठवड्यांत केलं. दोन बाजूंना पोकळ खांब, त्यांच्या आत सरकणारे दुसरे खांब, आणि त्या दोन्हींना आरपार भोकं. हव्या त्या उंचीवर आणून भोकात अंजनाच्या लाकडाच्या खुंट्या घालायच्या. अंजन आमच्याकडचं सगळ्यात कडक लाकूड, कुऱ्हाडीची धार बोथट करणारं. दादाला उभं करून जमिनीपासून कोपरापर्यंत माप घेतलं, बसवून घेतलं, थोडं वाकवून घेतलं. अशा सात उंच्या ठरल्या. बसण्यासाठी मी एक वेगळीच वस्तू केली. आमच्याकडे गुराखी काठीवर बूड टेकवून तासन्तास उभा असतो, ते मी लहानपणापासून बघत आलो होतो. तो धड बसलेला नसतो, धड उभाही नसतो, आणि दर थोड्या वेळानं या पायावरून त्या पायावर जातो. तसं एक उंच, अरुंद, पुढे कललेलं टेकणं मी केलं. खाली पाय ठेवायला एक आडवी दांडी बसवली, कारण दुकानात उभा असलेला माणूस नेहमी एक पाय पोत्यावर ठेवतो, हेही मी पाहून ठेवलं होतं.

एका रविवारी बैलगाडीत घालून आम्ही ते कचेरीत नेलं. सोमवारी अव्वल कारकून टेबलाभोवती दोनदा फिरले आणि म्हणाले, "हे डेड स्टॉकच्या रजिस्टरात कुठे आहे?"

"नाही साहेब, हे घरून आणलंय," दादा म्हणाला.

"मग हे इथे नाहीच. रजिस्टरात नसलेली वस्तू कचेरीत असू शकत नाही."

त्या वेळचे मामलेदारसाहेब भले होते. निवृत्तीला आले होते आणि त्यांनाही संधिवात होता. त्यांनी रजिस्टरात एक ओळ वाढवून घेतली आणि टेबल राहिलं. बाकीचे कारकून हसले. कुणी दादाला कीर्तनकार म्हणू लागले, कुणी म्हणालं, कचेरीत उभा राहतो तो पट्टेवाला. त्या टेबलाला त्यांनीच 'उठतं-बसतं टेबल' असं नाव पाडलं. पहिल्या शनिवारी दादा घरी आला आणि दारातूनच म्हणाला, "आज दुपारलोंग पाठ याद बी उनी नही." वहिनी चुलीपुढे बसली होती, ती उठून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

पण ते टेबल चांगलं नव्हतं. उंची बदलायची तर वरचं सगळं सामान उतरवावं लागायचं आणि दोन माणसं लागायची. दादाला दर वेळी पट्टेवाल्याला हाक मारायचा संकोच वाटे, म्हणून तो एकाच उंचीवर दिवस काढू लागला. म्हणजे आता बसून आखडायच्या ऐवजी तो उभा राहून आखडत होता. मग एके दिवशी त्यानं एकट्यानंच खुंटी काढली, एक बाजू खाली गेली आणि दौत जुन्या दप्तरावर सांडली. पानावर हाताएवढा डाग पडला. त्याला लेखी खुलासा द्यावा लागला.

मी ते टेबल घरी आणून मोडलं. नवं कसं करायचं ते मला एका बुकबाइंडरकडे सुचलं. तो पुस्तकांचे गठ्ठे दाबायला लाकडी शिकंजा वापरायचा. मधे जाडजूड मळसूत्र, ते फिरवलं की फळी केसाकेसानं खाली यायची. हेच उलटं केलं तर? मळसूत्र टेबलाखाली उभं ठेवायचं, बाजूला मूठ द्यायची, आणि बसल्या जागेवरून एका हातानं टेबल वर न्यायचं, वरचा कागदही न हलवता. पण एवढ्या जाड लाकडावर आटे पाडायची हत्यारं माझ्याकडे नव्हती. मी शिसमाचा दांडा गोल केला, त्याच्याभोवती कागदाची पट्टी तिरकी गुंडाळून रेघ मारली, आणि त्या रेघेवरून करवतीनं आणि पटाशीनं एक एक आटा कोरत गेलो. पहिला दांडा चिरला. दुसरा फिरला पण डुगडुगायला लागला. तिसऱ्याला चार महिने लागले. आट्यात आणि भोकात दोरा जाईल एवढीसुद्धा फट मी ठेवली नाही. टेबलावर पाण्यानं काठोकाठ भरलेला पेला ठेवून मी मूठ फिरवली आणि पाणी हललं नाही. वडील तोवर थकले होते. त्यांनी आट्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "मन्हाकडथीन हाई व्हयनं नसतं." वडिलांनी माझ्या कामाबद्दल चांगलं असं तेवढं एकदाच म्हटलं.

नंतरचं एक वर्ष चांगलं गेलं. दादा अर्धा तास उभा, थोडा वेळ टेकण्यावर, थोडा वेळ खाली करून खुर्चीत. दप्तर आणायला पट्टेवाल्याला न सांगता स्वतःच कपाटापर्यंत जायचा. सकाळी वहिनीचा हात न धरता उठायचा. होळीला तर तो माझ्याबरोबर चार कोस चालला. हसणाऱ्यांतल्याच एका कारकुनाला मूळव्याध होती. तो एकदा हळूच घरी येऊन मला म्हणाला, "मलाही असं एक करून द्याल का?" मी कागदावर आकृत्या काढायला लागलो. स्वस्तात कसं होईल, बाभळीच्या लाकडात आटे टिकतील का, उंच माणसाला आणि ठेंगण्या माणसाला एकच टेबल कसं चालेल. मला वाटायचं, एक दिवस सगळ्या कचेऱ्यांतून माझी टेबलं जातील. आज ते आठवलं की मला स्वतःची दया येते आणि रागही येतो.

भले साहेब निवृत्त झाले आणि नवे आले. तरुण, इस्त्रीचे कपडे, शिस्तीचे. ते खोलीत आले की सगळ्या खुर्च्या एकदम मागे सरकायच्या आणि कारकून उभे राहायचे. दादा आधीपासूनच उभा. साहेबांच्या नजरेत ते पहिल्याच दिवशी आलं.

"हा कोण? मी आल्यावर हा उठला का नाही?"

अव्वल कारकून म्हणाले, "तो उभाच असतो, साहेब."

"का?"

दादानं पाठीचं सांगितलं, सुरतेच्या डॉक्टरची चिठ्ठी दाखवली. साहेबांनी ती वाचलीसुद्धा. मग म्हणाले, "काम करण्याइतके बरे असाल तर इतरांसारखं खुर्चीत बसा. नसाल तर रजा घ्या. एकाला वेगळं दिलं की उद्या प्रत्येकजण मागेल." त्याच संध्याकाळी टेबल मागच्या पडवीत गेलं, तुटक्या बाकड्यांशेजारी.

दादा दुसऱ्या दिवसापासून खुर्चीत बसू लागला. मला ते सहन होईना. मी त्याला म्हणायचो, अर्ज कर, वर लिही. तो म्हणायचा, होईल, थोडे दिवस जाऊ दे, साहेब नवीन आहेत. तीन महिने गेले, सहा गेले. सकाळी पुन्हा वहिनी हाताला धरून उठवायला लागली. मान वळेनाशी झाली. कुणी बाजूनं हाक मारली की दादा सगळं अंग वळवून बघायचा. माझं हातातल्या कामावर लक्ष लागेना. मी चौकटी वाकड्या बसवायला लागलो.

मग कळलं, की जिल्ह्याचे मोठे साहेब दौऱ्यावर येणार. मी कुणाला काही सांगितलं नाही, दादाला तर नाहीच. त्या दिवशी दुपारी पडवीतलं टेबल मी आणि एका हमालानं उचलून कचेरीच्या आवारात, कडुनिंबाखाली आणून ठेवलं. मोठे साहेब तपासणी संपवून गाडीकडे निघाले, मागे आमचे साहेब, अव्वल कारकून, सगळा लवाजमा. मी पुढे झालो आणि हात जोडले.

"साहेब, एक मिनिट."

पट्टेवाला मला मागे ढकलायला आला. मोठ्या साहेबांनी त्याला थांबवलं. "काय आहे हे?"

"टेबल आहे, साहेब. माणसाबरोबर उठतं, माणसाबरोबर बसतं." मी मूठ फिरवली. टेबल वर गेलं, खाली आलं. मोठे साहेब पुढे आले, काठी बाजूला ठेवली आणि लहान मुलासारखी मूठ स्वतः फिरवू लागले.

"उत्तम! तू केलंस? कुठे शिकलास?"

"घरीच, साहेब."

"कुणासाठी केलंस हे?"

मी खिडकीकडे बोट केलं. सगळ्यांनी तिकडे पाहिलं. खिडकीच्या आत दादा खुर्चीत बसून लिहीत होता. त्यानं मान वर केली नाही. त्याला मान वर करताच येत नव्हती की त्यानं केली नाही, ते मला आजही माहीत नाही. मी बोलत सुटलो. दुखणं सांगितलं, डॉक्टर काय म्हणाला ते सांगितलं, टेबल सहा महिने पडवीत धूळ खात पडलं होतं हेही सांगितलं. आमच्या साहेबांचा चेहरा कसा झाला होता ते मी पाहिलं होतं. आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं होतं.

"यांना वापरू द्या," मोठे साहेब आमच्या साहेबांना म्हणाले. "चांगली वस्तू आहे."

"होय, सर."

गाडी निघून गेली. टेबल आत गेलं. मी घरी येऊन वडिलांना सगळं सांगितलं आणि ते लहान पोरासारखे हसले. संध्याकाळी दादा आला. पायातल्या चपला काढल्या, पाणी प्यायला, आणि एवढंच म्हणाला, "तू मले आधी इचारता तं बरं व्हतं."

पंधरा दिवसांनी बदलीचा हुकूम आला. तोरणमाळच्या बाजूला, डोंगरात, एका लहानशा महसुली ठाण्यात. तिथे नक्कल मागायला महिन्यातून चार माणसं आली तर आली. कारण लिहिलेलं होतं, कामाची सोय. दादा आमच्या साहेबांना भेटायला गेला तर साहेब अगदी गोड बोलले. "तुमची तब्येत लक्षात घेऊनच केलंय. तिथे काम कमी, हवा चांगली. आणि तुमचं टेबल घेऊन जा बरोबर. वरून परवानगी आहे ना."

पायथ्यापर्यंत मोटार होती. पुढे चढाचा रस्ता नुसता दगडांचा. मी टेबल सुटं केलं आणि चार पावरा माणसांनी ते डोक्यावरून वर नेलं. दादासाठी घोडा केला होता, पण त्याला त्यावर बसवेना, प्रत्येक पावलाला त्याच्या तोंडून आवाज निघायचा, म्हणून तो उतरून चालला. दर वळणावर थांबत आम्ही दुपार कलल्यावर वर पोचलो. कौलारू खोली, मातीची जमीन, एक पेटी, एक खाट. मी टेबल जोडून दिलं, मूठ फिरवून दाखवली. तिथला पट्टेवाला वयस्कर पावरा होता, त्याला मराठी थोडंच यायचं, पण टेबल वर जाताना बघून त्यानं टाळी वाजवली. वहिनीला वडिलांची शुश्रूषा होती, त्यामुळे ती गावीच राहिली. मी दुसऱ्या दिवशी खाली उतरलो.

पाऊस लागला आणि घाट बंद झाला. त्या पावसात आमचे वडील गेले. निरोप वर पोचायला नऊ दिवस लागले आणि दादाला खाली येता आलं नाही. त्याचं एक पत्र आलं, तेच सुरेख अक्षर, पण ओळी खाली घसरत गेलेल्या. 'मी बरा आहे, तू दिवस नीट करून घे,' एवढाच मजकूर. मला त्या उतरत्या ओळींवरून कळायला हवं होतं. मी लाकडातला माणूस, समपातळी बघणं हेच माझं काम. पण मी वडिलांच्या कार्यात होतो आणि मी पत्र घडी करून ठेवून दिलं.

दसरा झाल्यावर मी वर गेलो. दादा दारात जमिनीवर बसला होता आणि गुडघ्यावर पाटी ठेवून लिहीत होता. मी समोर उभा राहिलो. त्याला माझे पाय दिसले. त्यानं पायांवरून मला ओळखलं.

"ये," तो म्हणाला.

तो उठला तेव्हा मी पाहिलं. पाठ कमानीसारखी झाली होती आणि त्याचं तोंड जमिनीकडे होतं. माझा चेहरा बघायला त्याला डोळे कपाळात न्यावे लागत होते. मी आत गेलो. टेबल खुर्चीच्या मापाच्याही खाली, सगळ्यात खालच्या उंचीवर होतं. मूठ फिरवली, हलली नाही. दोन्ही हातांनी जोर केला तरी हलली नाही. मळसूत्र फुगलं होतं. वर डोंगरात चार महिने धुकं असतं, भिंतींना पाणी सुटतं, खाटेखाली बुरशी येते. आमच्या खालच्या कोरड्या हवेत मी दोऱ्याएवढीही फट ठेवली नव्हती, त्याचा मला केवढा अभिमान होता. कुठल्याही नवशिक्या सुताराला माहीत असतं, की पावसात लाकूड फुगतं. मला माहीत नव्हतं असं मी कुणाला म्हणू? पट्टेवाल्यानं मोहाचं तेल ओतून ओतून पाहिलं होतं. टेबलाखालची जमीन तेलानं काळी झाली होती.

टेबल बसलं होतं ती उंची खुर्चीला फार कमी आणि जमिनीवर बसायला जास्त. दादानं त्यावर जून-जुलै काढले, मग सोडून दिलं.

"निरोप का बरं नही धाडा?" मी विचारलं.

"तू येता तं काय करता?" दादा जमिनीकडे बघत म्हणाला. "आखो एखादा साहेबले भेटता?"

तो हे रागानं म्हणाला नाही. सहज विचारावं तसं विचारलं आणि पुढचा कागद घेतला. मी बाहेर जाऊन बसलो. पट्टेवाल्यानं मला गुळाचा चहा आणून दिला. तो आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघत होता.

पुढल्या वर्षी दादाला नोकरीला नालायक ठरवून घरी पाठवलं. वय बत्तीस. त्यानंतर तो सात वर्षं जगला आणि त्या सात वर्षांत मी त्याच्यासाठी वस्तू करत राहिलो. उंचवट्याची खाट केली, समोर बघता यावं म्हणून मागे कललेली खुर्ची केली, वाचायला छतापासून लोंबणारी फळी केली. प्रत्येक वस्तू तीन-चार महिने कामाची ठरायची. तोवर पाठ आणखी उतरायची आणि वस्तू परकी व्हायची. मी पुन्हा गज घेऊन मापाला यायचो. एकदा त्यानं गजावर हात ठेवला.

"आते माप लेऊ नको, भाऊ. तू माप लेस ना, तवय मले समजस, कितला उतरनू ते."

मी गज खाली ठेवला. त्यानंतर मी त्याच्याकडे नुसता जाऊन बसायचो. इतकी वर्षं मी हातांनी बोललो होतो. मिरची वाळायच्या दिवसांत सगळ्या गावात नाकाला झोंबणारा खाट सुटायचा आणि दादाला खोकला यायचा. बरगड्या ताठ झाल्यामुळे त्याला धड खोकताही येत नसे. अशाच एका मोसमात, दुपारचं जेवण झाल्यावर, तो गेला. तिरडीवर त्याला सरळ निजवता येईना. मग त्याला कुशीवर ठेवून नेलं.

वहिनी मला कधी काही बोलली नाही. बाराव्यानंतर पाहुणे गेले, ती भांडी आवरत होती आणि तिनं पाठमोरीच विचारलं, "भाऊ, तू त्या दिन गप बसता तं ते आठेच ऱ्हातात ना?"

मी म्हणालो, "हा."

"मंग ते चालता-फिरता ऱ्हातात?"

कदाचित त्या साहेबाच्या खुर्चीतही हेच झालं असतं. कदाचित एक-दोन वर्षांत तो साहेब बदलून गेला असता आणि टेबल पडवीतून परत आत आलं असतं. मी मनात दोन्ही बाजूंनी इतक्यांदा गेलो आहे, की आता मला कुठलीच बाजू खरी वाटत नाही. मी तिला म्हणालो, "माले मालूम नही, वहिनी." ती भांडी घासत राहिली.

त्यानंतर वर्षभरात गावात एका खात्याची नवी इमारत उभी राहिली आणि चाळीस टेबलांचं काम माझ्याकडे आलं. मोजमाप लिहिलेला कागद घेऊन एक ओव्हरसियर आला होता. मी विचारलं, इथे बसणारी माणसं किती उंचीची आहेत? तो म्हणाला, "माणसं अजून भरायची आहेत हो. तुम्ही तीस इंचाची करा." मला नाही म्हणता आलं असतं. पण माझी तीन पोरं होती, वहिनीचं घर होतं, आणि दुसरं काही करून दाखवायची हिंमत माझ्यात उरली नव्हती. चाळीसही टेबलं मी तीस इंचाची केली, पाय पक्के ठोकून. काम चांगलं झालं म्हणून त्यानं मला आणखी साठ खुर्च्या दिल्या. जुन्या आकृत्यांचे कागद पावसाळ्यात कौलं गळायला लागली तेव्हा भिजले, आणि मी ते वाळत घातले नाहीत.